अंजीर फुटेना

२७ फेब्रुवारी, सोमवार

टवळीचा फोन! सतरा वर्षांत पहिल्यांदा. आणि तोही दुकानात, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना.

एका मास्तरांच्या चष्म्याची काडी बसवत होते. स्क्रू तिळाएवढा, चिमट्यात धरलेला. मालकांनी फोन पुढं केला — "तुमचा." कानाला लावला तर, "मी बोलतेय. ओळखलंत का?" ओळखलं! एकदाच ऐकलेला आवाज, पण असले आवाज विसरतं होय कुणी? स्क्रू पडला. मालक, मास्तर आणि मी, तिघं जमिनीवर रांगतोय आणि ती कानात सांगतेय — "मागचं अंजीर फुटत नाहीये. शेजारचे म्हणतात, मेलंय, तोडून टाका, आमच्या पत्र्यावर पडेल. मला झाडातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही लावलेलं ना ते... एकदा येऊन बघाल का?"

मी म्हटलं, "बघते." बघते म्हणजे येते की येत नाही? माझं मलाच कळलं नाही.

स्क्रू मास्तरांच्या पायमोज्यात सापडला.

२८ फेब्रुवारी

नाही जायचं. काय म्हणून जायचं? ऑक्टोबरात तो गेला तेव्हा मला कुणी कळवलं नाही. चार दिवसांनी समोरचा औषधवाला म्हणाला, "अहो, तुमचे ते..." आणि तिथंच अडकला. तुमचे ते — पुढं काय? पुढं शब्दच नाही. घटस्फोट झालेल्या नवऱ्याला काय म्हणायचं ते औषधवाल्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. खोकल्याचं औषध घेतलं, घरी आले, डाळ शिजत टाकली.

तेव्हा बोलावलं नाही. आता झाडासाठी बोलावते!

१ मार्च

फेब्रुवारीत अंजीर फुटतं का कधी? एप्रिल उजाडतो त्याला. एवढंही ठाऊक नाही. बावळट.

५ मार्च, रविवार

गेले.

जाता जाता तीनदा मागं फिरले. एकदा तर बसच्या पायरीवरून. कंडक्टर म्हणाला, "बाई, एक काय ते ठरवा, लोक खोळंबलेत." चढले.

फाटकाची कडी तशीच. आधी वर उचलायची, मग ढकलायचं. हातानं आपसूक केलं, मला विचारलंसुद्धा नाही. ती दारात उभी होती. माझ्या मनातली टवळी तेहतीस वर्षांची, केस मोकळे सोडणारी, वाचनालयाच्या टेबलामागे बसून पुस्तकांवर शिक्के मारणारी. दारातली बाई पन्नाशीची, खांदे पडलेले, केस अर्धे पिकलेले. आणि चष्मा वाकडा! डावी बाजू भुवईवर, उजवी गालावर. सतरा वर्षं जिला मनातल्या मनात शिव्या घातल्या तिच्यासमोर उभी राहिले, आणि डोक्यात काय — हिच्या चष्म्याची काडी कुणी वाकवली! जित्याची खोड.

थेट मागं गेले. धुण्याच्या दगडापासून चार पावलांवर अंजीर. केवढं झालंय! बुंधा मांडीएवढा. कमरेच्या उंचीवर त्याचे दोन फाटे झालेत. तेच. तिथंच तर मी दोरी बांधून त्याला वळण लावलं होतं. हजारांत ओळखेन.

पण पान नाही, फुटीचा एकही डोळा फुगलेला नाही. या वर्षी थंडीही तशीच पडली, पहाटेचं दवसुद्धा गोठलं होतं म्हणे दोनदा. अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. माझ्या वडिलांनी शिकवलेलं हे — आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर नाही. पहिली फांदी तपकिरी. दुसरी तपकिरी. सात फांद्या खरवडल्या, सातही तपकिरी. आठवी वाकवून बघितली तर काडकन मोडली.

भिंतीपलीकडून शेजारचे काका डोकावले. हाक मारली, "वहिनी!"

"ओ!" — आम्ही दोघी एकदम!

काकांची अशी तारांबळ उडाली! एकदा इकडं बघतात, एकदा तिकडं. "म्हणजे... दोन्ही वहिनी," म्हणाले बिचारे. बातमी ही की एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यांनी करवतवाला सांगून ठेवलाय. "तोवर पान दिसलं तर माझं काही म्हणणं नाही. पण वाळकं झाड वादळात कुणाच्या डोक्यावर येईल, त्याचा नेम नाही." माणूस वाईट नाही. पत्र्याच्या खोलीत त्यांची नात झोपते दुपारची.

चहा घ्यावाच लागला. स्वयंपाकघरात खिडकीशी तेच टेबल, डगमगणाऱ्या पायाखाली कागदाची घडी. ती घडी मी घातलेली की तिनं? विचारलं नाही.

"साखर किती?" — "नको." — "हेही शेवटी शेवटी घालत नव्हते."

हे! मीसुद्धा 'हे'च म्हणायचे. आता 'तो' म्हणते. एका 'हे'च्या दोन मालकिणी, आणि समोर चहा गार होतोय!

६ मार्च

दिवसभर अंगठ्याच्या नखात सालीचा भुगा. गिऱ्हाइकाच्या काचा पुसताना दिसत होता. घासून काढला नाही.

१२ मार्च, रविवार

परत गेले. दुकानातलं भिंग पिशवीत घालून नेलं. मालक म्हणाले, "रविवारचं भिंग कशाला?" म्हटलं, "एक म्हातारं पेशंट आहे, घरी जाऊन बघायचंय." खोटं तर नाही.

आज खालून सुरुवात केली. बुंध्याची साल जाड, नख चालेना, चाकू मागितला. भिंग लावून बघितलं. एका जागी फिकट हिरवं वाटलं. तिला दाखवलं. "मला पिवळं दिसतंय," म्हणाली. म्हटलं, "त्या चष्म्यातून तुम्हाला मी तरी सरळ दिसतेय का? काढा तो."

पायरीवर बसून काडी सरळ केली, नाकाशी टेकणाऱ्या दोन्ही चकत्या नीट बसवल्या, पुसून दिला. तिनं घातला. अंगणभर बघितलं. मग म्हणाली, "हे आजारी होते तेव्हा मी चष्मा घालूनच त्यांच्या उशाशी झोपायचे. रोज एकाच कुशीवर."

मग माझंच तोंड सुटलं. ते झाड कसं लावलं ते सांगत बसले. हाताच्या बोटाएवढी काडी होती. वडिलांच्या परसातली. ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आणली, चार तास. तो म्हणाला, "ही काठी लावणार? हिच्यापेक्षा माझी पेन्सिल लवकर फुटेल." पाण्याच्या खात्यात मीटर वाचायचा तो, कानावर सदा पेन्सिल. आणि तिसऱ्या आठवड्यात पान आलं, तेव्हा शेजारपाजारच्यांना हात धरून बघायला आणणारा कोण? तोच! पहिलं फळ एकच आलं. ते कापताना दोन्ही अर्धे सारखे व्हावेत म्हणून त्यानं दोरा गुंडाळून कापलं. आणि तरी मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला.

सांगता सांगता वर बघितलं तर ती उठून आत निघालेली. "दूध उतू जाईल," म्हणाली. दूध नव्हतंच गॅसवर. मी पाहिलं होतं.

माझं चुकलंच. तिचं माणूस जाऊन सहा महिने नाही झाले आणि मी माझी फळं वाटत बसले.

१४ मार्च

किती वर्षांनी त्याची आठवण आली आणि राग आला नाही. मीच चकित झाले.

भांडण असं आमचं कधी झालंच नाही. वर्तमानपत्राची घडी घालता घालता सांगितलं त्यानं — वाचनालयातली बाई, दोन वर्षं झाली, आता लपवणं जमत नाही. रडला पण तोच. घर त्याच्या आईचं, म्हणजे निघायचं मीच. बॅग भरली. दारात उभी राहिले, आणि काय बोलले? "झाडाला पाणी घाल." बस! इतक्या वर्षांत त्या वाक्याचा जेवढा राग आला तेवढा त्याचासुद्धा आला नसेल. काय काय म्हणता आलं असतं! आंघोळ करताना, बसमध्ये, काचा पुसताना मी किती सुंदर सुंदर वाक्यं रचली नंतर. त्या दिवशी मात्र — झाडाला पाणी घाल.

ते घर चांगलं होतं. सकाळचं ऊन आधी स्वयंपाकघरात यायचं, मग पलंगावर. सुट्टीच्या दिवशी आम्ही उन्हामागं उन्हामागं बसायची जागा बदलायचो. चहाचे कप हातात. दुपारी अंजिराच्या सावलीत पोचलो की दिवस संपला म्हणायचा. काही करायचो नाही. काही करावंसं वाटायचंही नाही.

१८ मार्च

तिचा फोन. "पुन्हा गारठा पडणार म्हणतात. काही झाकू का?" म्हटलं, बुंध्याभोवती पोती गुंडाळा, मुळांवर वाळकी पानं टाका, आणि उगाच पाणी घालत बसू नका. तासाभरानं पुन्हा फोन. "पोती नव्हती. रजई गुंडाळली, चालेल ना?" कुठली रजई ते विचारलं. निळी. निळी म्हणजे माझ्या आईनं शिवलेली!

म्हटलं, "चालेल."

१९ मार्च, रविवार

ताप. गेले नाही. खिडकीतून बघत बसले. रस्त्यावरच्या झाडांना लाल शेंडे आलेत. जो तो फुटतोय.

२६ मार्च, रविवार

वाईट दिवस.

रजई काढली. दहा ठिकाणी खरवडलं. मागे जिथं हिरवं वाटलं होतं तिथंही तपकिरी. की ती जागाच वेगळी होती? भिंगातून बघून बघून डोळ्यांना पाणी आलं. ती मागं उभी. शेवटी म्हणाली, "ताई, राहू दे आता. तोडू दे त्यांना. किती दिवस असं ओरबाडायचं?"

माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्हाला सोपं आहे म्हणायला! तुम्हाला सगळं आयतं मिळालं. घर आयतं, माणूस आयतं, झाड आयतं. हे झाड माझं आहे! या घरात माझं म्हणून एवढं एकच उरलंय, आणि ते तोडायचं की नाही हे तुम्ही ठरवणार?"

पांढरीफटक पडली. तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होती, ओठ हललेसुद्धा. मग मिटलं. "असू दे," एवढंच म्हणाली आणि रजईची घडी घालायला लागली. काठाला काठ जुळवून, हळूहळू, जशी आई घालायची.

चहा न घेता आले. बसस्टॉपवर बसून रडले. एकसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, पिशवीत भिंग!

२७ मार्च

फोन करून माफी मागावी का? दुकानात तीनदा फोन उचलला. मालक म्हणाले, "तुमचं ते म्हातारं पेशंट फार आजारी आहे का?"

३० मार्च

नाही केला फोन. तिनंही नाही.

२ एप्रिल, रविवार

न बोलावता गेले. तोडणार तर निदान समोर तोडा, असं म्हणून गेले. फाटक उघडायच्या आधीच तिनं उघडलं. म्हणाली, "तुम्ही येईपर्यंत मी त्यांना हात लावू दिला नसता." एवढंच. त्या दिवसाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मी थेट मागं गेले.

करवतवाला म्हणजे किडमिडीत म्हातारा. मला वाटलं होतं कुणी आडदांड येईल. झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर चापट्या मारल्या — जनावराला मारतात तशा. "कुणी खरवडलंय एवढं? उंदीर लागलेत जसे!" आम्ही दोघींनी माना खाली घातल्या. शेजारचे काका भिंतीवर हनुवटी टेकून.

म्हातारा म्हणाला, "मी एकदम बुडातून नाही कापत. वरून खाली येतो. झाडाला बोलायचं असेल तर वाटेत बोलेल."

शेंडे कापले. कोरडे ठणठणीत, भुसा नुसता उडत होता. मधल्या फांद्या कापल्या. त्याही कोरड्या. प्रत्येक फांदी पडली की तो कापलेल्या जागेवर अंगठा फिरवायचा आणि मान हलवायचा. डावा फाटा कापला. कोरडा. मी धुण्याच्या दगडावर बसले. ती शेजारी येऊन बसली. आमच्यात वीतभर अंतर, आणि दोघींचे डोळे करवतीवर.

उजवा फाटा, अर्ध्यापर्यंत. कोरडा. मग आणखी वीतभर खाली करवत लावली. आवाज बदलला! खरखर होती ती दबली, ओल्या कापडासारखी. म्हातारा थांबला. करवत बाहेर काढली, पात्यावर बोट फिरवलं, आणि बोट आमच्याकडं धरलं.

पांढरं! बोटावर दुधासारखा पांढरा थेंब. चीक! अंजिराचा चीक!

"बोललं की," म्हातारा म्हणाला.

कोण आधी उठलं ठाऊक नाही. दोघी धावलो. कापलेल्या जागी कडेकडेनं थेंब येत होते, एकेक, अगदी सावकाश. मी बोट लावलं. तिनं बोट लावलं. चिकट! ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग माझा हात धरला तिनं, चिकाच्या हातानं. काका भिंतीवरून ओरडले, "म्हणजे जिवंत आहे का मेलंय? नीट सांगा की कुणीतरी!"

म्हाताऱ्यानं उरलेलं कापलं नाही. कमरेएवढा खुंट ठेवला, वर माती लिंपली. "वरचं गेलं. खालचं आहे. आता याला बघायला रोज रोज येऊ नका, लाजतं."

९ एप्रिल, रविवार

खुंटाच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून वीतभर वर, एक डोळा फुगलाय. हिरवा. मटारच्या दाण्याएवढा. भिंग लागत नाही.

काका भिंतीवर चढून बघायला आले. वय वर्षं सत्तर! नातीला पण वर घेतलं. करवतवाल्याला परत बोलवायचा विषय संपला.

चहा अंगणात घेतला. मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते..." ती म्हणाली, "राहू द्या." मी म्हटलं, "नाही, बोलू दे. वाईट बोलले. तू एवढं केलंस त्याचं शेवटपर्यंत, आणि मी—" आणि मग लक्षात आलं, मी 'तू' म्हटलं. तिच्याही लक्षात आलं. दोघी खाली बघून चहा प्यायलो.

येताना बसमध्ये सुचलं — टवळी म्हणणं बंद करायला हवं. धाकटी म्हणावं. मी थोरली, ती धाकटी. जुन्या काळी एका घरात राहायच्या अशा दोघी. आम्ही एका घरात एकामागून एक राहिलो, एवढाच फरक.

१६ एप्रिल, रविवार

डोळा उलगडला. दोन पानं, नखाएवढी. धाकटीला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि तिथंच मातीत बसली. म्हणाली, "ताई, सांगायलाच बोलावलं होतं. पहिल्या दिवसापासून धीर होत नव्हता. तुमचं झाड तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मेलं. मला ठाऊक नव्हतं, धुण्याचं सोड्याचं पाणी रोज मुळाशी ओतायचे मी. तेव्हा हे धरणावरच्या कामाला गेले होते, दोन महिने. तेवढ्यात ते उपटलं आणि रोपवाटिकेतून तेवढंच मोठं आणून त्याच खड्ड्यात लावलं. हे परत आले, बघितलं, 'छाटलंस वाटतं?' म्हणाले. मी हो म्हटलं."

ती दोन पानं बोटानं हळूच उचलून बघितली. मग विचारलं, "आणि फळं? फळं कशी यायची?"

"चांगली यायची. हे दरवर्षी पहिलं फळ तोंडात घालायचे आणि म्हणायचे — तिच्या हातचं झाड आहे, गोड येणारच."

पंधरा वर्षं ऐकलं तिनं हे. पंधरा वर्षं!